साथीच्या काळात रोजगार केंद्र: खिडकी चालू ठेवायची की सगळं पोर्टलवर?

आमच्या ऐरोलीतले काही जण निवेदन देतायत, की पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर जिल्ह्याचं रोजगार केंद्र मोजक्या माणसांवर का होईना चालू ठेवा. त्यांच्यातलाच एक म्हणतो, कशाला, सगळं ऑनलाइन होतं की आता. मी २०२० मध्ये दोन्हीकडून गेलोय म्हणून लिहितोय, ठरवायचं तुम्ही.

पोर्टलला मी नावं ठेवणार नाही. लोकल २३ मार्चपासून बंद, १५ जूनला सुरू झाल्या त्या पण फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी, ठाण्याला जायचं तर विटाव्यावरून जे मिळेल ते वाहन, आणि घरात शुगरवाली आई. अशा वेळी घरबसल्या अर्ज होतोय तर तोच बरा. ६ जुलैला राज्य सरकारने महाजॉब्स हे नोकरीचं पोर्टल काढलं ते पण त्याचसाठी, परराज्यातले कामगार गावी गेलेले, कारखान्यांना माणसं हवी होती आणि इथल्या पोरांना काम. ज्याचा नंबर चालू आहे, आधारला जोडलेला आहे, त्याने सरळ पोर्टल वापरावं.

माझं अडलं ते ओटीपीवर. रबाळे एमआयडीसीत नऊ वर्षं होतो, सिम कंपनीचं, आधारला पण तोच नंबर दिलेला, कारण दुसरा नंबर कधी घेतलाच नव्हता. कामावरून कमी केलं तेव्हा आयकार्डाबरोबर सिमही जमा करून घेतलं. मग काय, नोकरीसाठीचा जुना अर्ज पोर्टलवर उघडायला गेलो की स्क्रीनवर तेच, ओटीपी पाठवला आहे, खाली सेकंद उलटे मोजले जातायत, आणि तो ओटीपी कुठे जातोय तर कंपनीच्या कपाटात पडलेल्या सिमवर. नंबर बदलायचा तर तेव्हा आधार केंद्रात जाऊन बोटाचा ठसा द्यावा लागायचा, आणि आमच्याकडचं केंद्र बंद. म्हणजे ऑनलाइनचा रस्ता पण शेवटी एका बंद खिडकीपाशीच येऊन थांबला. दोन महिने असेच गेले, आणि माझ्यासारखे आमच्या कंपनीतले आणखी चार जण होते.

सप्टेंबरात ऑफिसं कमी हजेरीवर चालू होती तेव्हा रोजगार केंद्रात गेलो. टेबल दारातच लावलेलं, मधे प्लास्टिकचा पडदा, बाहेर खडूचे गोल, टोकनवर एकेक जण आत. मॅडमनी साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, नवा नंबर टाकून दिला, दहा मिनिटं पण लागली नसतील. आणि जाता जाता विचारलं, ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापत होते का हो तुमचे? ईएसआय असलेल्याची नोकरी गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत तेव्हा ९० दिवसांपर्यंत निम्मा पगार मिळत होता, आधी २५ टक्के होता तो ५० केलेला. मला याचा पत्ताच नव्हता, आणि पोर्टलवर मी ते शोधणार तरी कसा, नावच माहीत नाही तर.

आता दुसरी बाजू पण खरी आहे, त्या मॅडम दिवसभर किती जणांसमोर बसत होत्या, त्यांच्याही घरी कोणी असेलच. म्हणून रोज सगळं ऑफिस उघडा असं मी म्हणणार नाही, आणि प्रत्येकाचा अनुभव माझ्यासारखाच असेल असंही नाही. फोनवर माणूस उचलत असेल तर निम्मी कामं तिथेच होतील.

पण निवेदनात एवढं नक्की टाका: ज्याला ओटीपी येत नाही त्याच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस, टोकनवर, मोकळ्या आवारात एक खिडकी, आणि तिथे बसणाऱ्याला लस आणि मास्क सगळ्यात आधी. बाकीचं पोर्टलवर गेलं तरी माझी काही हरकत नाही.