मनी, वाघ्या आणि मधले फाटक : चार महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात विजापूर रोडवरील आमच्या घरात सासूबाईंची मनी ही मांजर आठ वर्षांपासून राहते. गेल्या ऑक्टोबरात मंगळवेढ्याच्या मामांनी शेतावरचा दीड वर्षाचा कारवान (मुधोळ हाउंड) जातीचा कुत्रा, वाघ्या, आमच्याकडे दिला. तेव्हा लहान मुलांना जिन्यापासून अडवण्यासाठी विकतात तसले लोखंडी फाटक मी 2,600 रुपयांना ऑनलाइन मागवले आणि स्वयंपाकघराच्या दारात बसवले. घरात आधीच मांजर आहे आणि आता कुत्रा येणार आहे, अशा कुटुंबांना या फाटकाचा उपयोग कितपत होईल, एवढेच येथे सांगायचे आहे.

मुधोळकडचा हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो आणि समोर काही पळाले की विचार न करता त्यामागे धावतो. मांजराची सवय नेमकी उलट, घाबरले की पळायचे. त्यामुळे पहिल्याच भेटीत पाठलाग घडला, तर कुत्र्याला तो खेळ वाटू लागतो आणि मांजराच्या मनात धास्ती कायमची बसते. बंद दारामुळे पाठलाग टळतो, पण दोघे एकमेकांना दिसतच नाहीत. नुसता पट्टा हातात धरला, तर धरणाऱ्याचा ताण कुत्र्याला लगेच कळतो. दिसू देणारा, पण पोहोचू न देणारा अडसर म्हणूनच लागतो, आणि हे काम फाटक उत्तम करते. गजांमधील फट जेमतेम साडेपाच सेंटीमीटर असल्याने वाघ्याचे तोंड आत शिरत नाही.

दोष मात्र दुसऱ्याच संध्याकाळी समोर आला. हे फाटक दोन्ही बाजूंच्या स्क्रूच्या ताणावर, रबरी बुचांच्या आधाराने उभे राहते. आमच्या चौकटीला गुळगुळीत ऑइलपेंट आहे. मनीने फ्रिजवरून खाली उडी मारताच 22 किलोचा वाघ्या फाटकावर आदळला आणि एक बाजू चार बोटे सरकली. पट्टा माझ्या यजमानांच्या हातात होता म्हणून अनर्थ टळला. बुचे ज्यांत बसतात त्या, सोबत आलेल्या चार वाट्या स्क्रूने चौकटीत ठोकणे माहितीपत्रकात ऐच्छिक म्हटले आहे. मोठा कुत्रा असेल, तर ते पहिल्याच दिवशी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उंचीचेही तसेच. 76 सेंटीमीटर उंची लहान चणीच्या कुत्र्याला पुरेल, पण कारवान खांद्यालाच जवळजवळ तेवढा भरतो. शेवटी अशोक चौकातील एका फॅब्रिकेशनवाल्याकडून वर दोन फुटांची, बिजागरीवर उघडणारी जाळी 900 रुपयांत बसवून घेतली. आता दर वेळी दोन कड्या काढाव्या लागतात, आणि हातात चहाचा ट्रे असला की ते जिकिरीचे होते.

फाटक लावण्यापूर्वीचे पाच दिवस दार बंदच होते. तेवढ्यात दोघांना एकमेकांच्या वासाची सवय करायची होती. मांजराच्या गालांत वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून सोलापुरी टॉवेलचा एक तुकडा मनीच्या गालांवरून फिरवून वाघ्याच्या भांड्याखाली अंथरला आणि वाघ्याच्या अंगावरचा तुकडा मनीच्या भांड्याशेजारी ठेवला. पहिल्या दिवशी ती त्या तुकड्यावरच फिस्कारली. पाचव्या दिवशी त्याच्याशेजारी बसून निवांत जेवली, तेव्हा सहाव्या दिवशी दार उघडले. दोघांची भांडी फाटकापासून आठ-आठ फुटांवर ठेवली आणि रोज थोडी जवळ आणली. कुत्र्याचे तोंड मिटलेले, अंग ताठ, नजर मांजरावर खिळलेली आणि हाक मारूनही मान वळत नाही, असे दिसले की भांडे पुन्हा मागे न्यावे. येथे घाई केली, तर फाटकाचे पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मनी शहाबादी फरशीवर, फाटकापासून हातभर अंतरावर बसून पंजा चाटत होती. वाघ्या पलीकडे हनुवटी जमिनीला टेकून पडला होता. त्याने तिच्याकडे पाहिले, हळूच मान वळवली आणि एक लांब सुस्कारा सोडला. मनीचे चाटणे थांबले नाही. सासूबाई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या दिवशी प्रथमच त्यांनी वाघ्याला आपल्या हाताने भाकरी घातली.

फाटकाच्या तळाशी मांजरापुरती एक खिडकी आहे. ती मी पाच आठवडे बंद ठेवली आणि बाहेरच्या खोलीत मनीला चढून बसण्यासाठी कपाटावर जागा केल्यानंतरच उघडली. खरे तर या खिडकीसाठीच हा नमुना घ्यावा. मांजराचे खाणे आणि वाळूचा ट्रे दोन्ही आत राहतात, आणि कुत्र्याला या दोन्ही गोष्टींचा मोह आवरत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. कडी बंद होताना मोठा खटका होतो व मनी दचकते, म्हणून तेथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूच्या रात्री दोघेही बिथरले होते, तेव्हा फाटक लावून दोघांना वेगळे ठेवता आले, याचे मला फार समाधान वाटले. एरवी आता ते दिवसभर उघडे असते. घरात कोणी नसेल, तेव्हा मात्र दोन्ही कड्या आम्ही आजही लावतो.