मिनिमलिस्टचं १० टक्के नायसिनमाइड सिरम, औषधाच्या काउंटरवरून

साताऱ्यात आमचं मेडिकल आहे. काउंटरवर मी असते, त्यामुळे ‘ताई, चेहऱ्याला काय लावू?’ हे रोज कुणी ना कुणी विचारतंच. सध्या मी ज्या थोड्या गोष्टी मनापासून सुचवते, त्यांत मिनिमलिस्ट या ब्रँडचं हे सिरम आहे. खोक्याच्या पुढच्याच बाजूला मोठ्या अक्षरांत छापलंय: नायसिनमाइड १० टक्के.

औषधाच्या स्ट्रिपवर स्ट्रेंथ, म्हणजे आत औषध किती आहे ते, लिहिलेलं नसेल तर ती आम्ही दुकानात ठेवणारच नाही. सौंदर्यप्रसाधनांना मात्र ही सक्ती नाही. आपल्याकडच्या २०२० च्या नियमांप्रमाणे घटकांची यादी द्यावी लागते. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखालचे कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. किती टक्के, हे सांगायची गरज नाही. त्यामुळे ज्याचं नाव खोक्यावर मिरवतंय तो घटक आत चिमूटभर आहे की पुरेसा, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्गच उरत नाही.

मोहित आणि राहुल यादव या दोन भावांनी २०२० मध्ये जयपूरहून हा ब्रँड सुरू केला तो नेमकं हे सांगण्यासाठी. कल्पना पहिल्यांदा त्यांना सुचली असं नाही. टोरांटोच्या डेसिएम कंपनीने २०१६ मध्ये ‘द ऑर्डिनरी’ आणला, तेव्हाच बाटलीवर घटक आणि टक्केवारी आली होती. पण आपल्या गावातल्या मुलीला परवडेल अशा किमतीत ती इथेच तयार होऊन मिळणं, हे मला मोठं काम वाटतं.

आता नायसिनमाइडबद्दल, कारण खरी गोष्ट तिथे आहे. हे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. स्वस्त, जुनं, नीट अभ्यासलेलं. त्वचेतल्या एका प्रकारच्या पेशी रंगद्रव्य बनवतात आणि वरच्या पेशींकडे सोपवतात. ही देवाणघेवाण नायसिनमाइड मंदावतं. डाग हळूहळू फिके पडतात, तेलकटपणा थोडा कमी होतो, त्वचेचं वरचं आवरण घट्ट होतं. जन्माचा रंग बदलत नाही. आणि १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीत हेच जीवनसत्त्व होतं! तोच रेणू आमच्या आया-मावश्यांना गोरेपणाचं आणि चांगल्या स्थळाचं आश्वासन म्हणून विकला गेला. नावातला ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडलं. इथे त्याच रेणूवर त्याचं नाव, त्याचं प्रमाण आणि त्याच्याकडून होईल तेवढंच काम लिहिलंय. मला प्रामाणिकपणा म्हणजे हाच वाटतो.

माझ्यासमोर येणारे चेहरे पाहिले की याची किंमत कळते. कुणी तरी दिलेलं ट्यूबमधलं क्रीम, नाव पुसलेलं, ‘आठ दिवसांत उजळले होते’ म्हणतात. मग त्वचा पातळ, लाल, उन्हात जळजळ, ओठांवर लव. आत स्टेरॉइड असतं. असे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने ते शेड्यूल एच या यादीत घातले, तरी मागणी थांबलेली नाही. त्या बायकांना मी रागावत नाही. त्यांना आत काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी स्वतः हे सिरम रात्री वापरते. चेहरा धुवायचा, दोन-तीन थेंब, वर साधं मॉइश्चरायझर. पाण्यासारखं पातळ आहे, वास घातलेला नाही. हनुवटीवरचे पुटकुळ्यांचे जुने डाग दिवाळीपासून लावत गेले ते होळीपर्यंत बरेच पुसट झाले. त्याआधी फरक शोधू नका.

दहा टक्के सगळ्यांना लागतात असंही नाही. बहुतेक अभ्यास दोन ते पाच टक्क्यांवर झालेत. त्वचा नाजूक असेल तर मी यांचंच पाच टक्क्यांचं सिरम देते. आकडा जितका मोठा तितका गुण मोठा, हा समज आता सगळ्याच ब्रँडमुळे पसरतोय आणि तो मला आवडत नाही. पण आकडा छापलाय म्हणून तर मी हे गिऱ्हाइकाला समजावू शकते.

जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने या कंपनीचा ९०.५ टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. फेअर अँड लव्हली त्यांचीच. दोघं भाऊ सुरुवातीला कारभारात राहणार, असंही तेव्हा सांगितलं गेलं. मोठ्या कंपनीमुळे माल खेड्यापर्यंत पोचेल, ते चांगलंच. मी मात्र दर नव्या बॅचचं खोकं उलटून पाहणार. टक्केवारी छोट्या अक्षरांत सरकली, किंवा गोरेपणाची भाषा दुसऱ्या शब्दांत परत आली, तर सुचवणं बंद.

तीस मिलीची बाटली, छापील किंमत ५९९. हातात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर आधी सनस्क्रीन घ्या. उन्हात उघड्या चेहऱ्याने फिरलात तर या सिरमने पुसलेले डाग पुन्हा येतील.