गावात माध्यमसंदेशांचा परिणाम मोजताना: तळहाताचा घाम की हृदयाचे ठोके?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून सुरक्षित फवारणीचे व्हिडिओ गावोगावी दाखवले जातात. पण ‘कसा वाटला?’ विचारलं की बहुतेक जण ‘चांगला आहे’ म्हणतात. पाहताना माणसाच्या आत काय हललं, ते शरीरालाच विचारावं लागतं. त्यासाठी त्वचेची वाहकता (घामामुळे कातडीतून वीज किती सहज वाहते ते) मोजावी की ईसीजीनं हृदयाचे ठोके, यात तुम्ही अडकला असाल, तर माझा अनुभव सांगतो.

कागदावर वाहकता सरस. तळहाताच्या घामग्रंथी फक्त सिम्पथेटिक चेतासंस्थेच्या, म्हणजे शरीराला उत्तेजित करणाऱ्या नसांच्या, ताब्यात असतात. आलेख उसळला म्हणजे उत्तेजना वाढली, इतका सरळ हिशोब. हृदयाला मात्र दोन लगाम: एक वेग वाढवणारा, एक कमी करणारा. लक्ष वेधलं गेलं की ठोके काही सेकंद मंदावतात, उत्तेजना वाढली की वेग वाढतो. दोन्ही एकदम झालं तर अर्थ लावणं कठीण.

तरीही गावात माझं वाहकतेशी जमलं नाही, आणि कारण एकच: हात. वर्षानुवर्षं डवरणी, निंदण आणि कापूस वेचणी केलेल्या तळहाताची कातडी इतकी जाड असते की जेल लावून बराच वेळ थांबलं तरी रेघ सपाटच राहते. मग डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटतो, कारण समोरची मावशी तर डोळे विस्फारून पडद्याकडे पाहत असते! पुस्तकात तळपायाच्या आतल्या कडेचा पर्याय दिलेला असतो, पण अनवाणी चालणाऱ्या पायांना भेगा. त्यात मे महिना. प्रयोगशाळेत तापमान तेवीस अंशांच्या आसपास ठेवतात. इथं बाहेर पंचेचाळीस, आणि कूलर लावला तर खोली दमट. व्हिडिओ सुरू होण्याआधीच काहींचा घाम वाहत असतो.

ईसीजीचे इलेक्ट्रोड छातीवरच लावावे लागतात असं नाही. दोन्ही हातांच्या कोपराखाली, आतल्या मऊ कातडीवर लावले तरी ठोके स्वच्छ येतात आणि बायकांना संकोच होत नाही. ‘करंट तं नाई लागन ना भाऊ?’ हे विचारलं जातंच. आधी स्वतःच्या हाताला लावून दाखवावं. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, नाहीतर विजेचा पन्नास हर्ट्झचा गोंगाट आलेखात शिरतो. पाहताना बोलणं झालं की श्वासासोबत ठोकेही बदलतात, तेवढा भाग गाळावा लागतो. हा त्रास मला परवडतो.

माध्यमांचा मनावरचा परिणाम अभासणाऱ्या संशोधक ॲनी लँग यांच्या कामात दृश्य बदलताच ठोके मंदावणं ही लक्ष वळल्याची खूण मानली आहे. आपल्याला नेमकं तेच हवं असतं: मास्क-हातमोज्यांचं दृश्य आलं तेव्हा लक्ष तिथं होतं का?

कॉलेजच्या मुलांवर, हिवाळ्यात, बंद खोलीत काम असेल तर वाहकता जरूर घ्या. शेतात राबणाऱ्यांसाठी, माझ्या मते तरी, पैसे ईसीजीवर घालावेत. संदेश आवडला की नावडला हे मात्र दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी भुवईच्या स्नायूचं ईएमजी (स्नायूच्या हालचालीचा विद्युत आलेख) लागतं, आणि कपाळाला तारा चिकटवून बसायला गावात फार थोडे जण तयार होतात.