अपघातानंतरचा पीटीएसडी: एक्स्पोजर थेरपी घ्यावी की ईएमडीआर?

हाड जुळून महिने झाले, तरी पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हातपाय गार पडतात, रात्री तोच क्षण डोळ्यांसमोर येतो. मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचं (मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचं) निदान केलं की उपचारांत ही दोन नावं हमखास कानावर येतात.

प्रोलाँग्ड एक्स्पोजर ही एडना फोआ यांची पद्धत. साधारण ८ ते १५ सेशन्स, बहुधा दीड-दीड तासाची. डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय असा, बारीकसारीक तपशिलांसह पुन्हापुन्हा सांगायचा आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. जोडीला, टाळत आलेल्या गोष्टी सोप्यापासून अवघडापर्यंत करायच्या: आधी गल्लीत गाडी चालू करून नुसतं बसायचं, मग कुणाच्या मागे बसून सिंहगड रोडला जायचं, मग स्वतः चालवायची. नवले पुलाचा उतार मात्र खरोखरच धोक्याचा आहे. तो सरावासाठी निवडू नये, असं मला ठामपणे वाटतं.

ईएमडीआर फ्रान्सिन शापिरो यांचं. त्यांचा पहिला अभ्यास १९८९चा. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटांमागे नजर डावी-उजवीकडे फिरवायची. सगळं उलगडून सांगावं लागत नाही, गृहपाठही जवळपास नसतो.

वाद आहे तो या नजर फिरवण्यावर. अनेक अभ्यासांच्या २००१च्या एका एकत्रित विश्लेषणात तिचा वेगळा फायदा दिसला नाही, २०१३च्या दुसऱ्यात दिसला. नजरेच्या कामात मन गुंतल्याने आठवणीची धार बोथट होते, असं समर्थक म्हणतात. हे शेवटी एक्स्पोजरच आहे, असं टीकाकार. पण उपचार म्हणून ईएमडीआर आणि आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी; एक्स्पोजर त्यातच येतं) या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्येच केली. त्यामुळे या वादापायी उपचार लांबवू नका.

मी आधी घर पाहीन. दोन खोल्यांत पाच माणसं असतील, तर ते रेकॉर्डिंग ऐकायचं कुठे? अशा घरात किंवा प्रसंग तोंडून निघतच नसेल, तर ईएमडीआर. गाडी, रस्ता, बाहेर पडणंच सुटलं असेल, तर माझा कल एक्स्पोजरकडे. सुरुवातीला त्रास थोडा वाढू शकतो, दोन्हींत.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण कुठे घेतलं, पीटीएसडीचे पेशंट नेहमी पाहता का, आणि मध्येच त्रास वाढला तर संपर्क कुणाशी करायचा?