एनएमएमएस शिष्यवृत्ती: परीक्षेपासून बँक खात्यापर्यंत कशी आहे?

शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच असते. नववीपासून फी, वह्या-पुस्तके, जाण्यायेण्याचा खर्च घरावर येतो आणि रोजंदारीवरच्या घरात 'आता कामाला लागू दे' हा विषयही नेमका याच वयात निघतो. एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती इथेच हात देते. नववी ते बारावी महिना 1,000 रुपये, म्हणजे वर्षाला 12,000 आणि चार वर्षांत 48,000. ज्या घरात पोराच्या मजुरीचाही हिशेब धरावा लागतो, तिथे ही रक्कम त्याला वर्गात टिकवून धरते. म्हणून पात्र असलेल्या प्रत्येक मुलाला परीक्षेला बसवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाराजी एकाच गोष्टीची: 2017 साली महिन्याचे 500 चे 1,000 झाले, त्यानंतर वाढ नाही.

पात्रता सोपी आहे. मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत हवे, सातवीत किमान 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50) आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि निवासी शाळांतील मुलांना ही मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. अर्ज शाळेमार्फतच भरला जातो, त्यामुळे मुख्याध्यापक जागरूक नसतील तर हुशार मूलही बाहेर राहते.

महाराष्ट्रात परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर दोन, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटे. सॅटमध्ये (शालेय क्षमता चाचणीत) विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. तो शाळेच्या पुस्तकांतून निघतो. मुले अडकतात ती मॅटमध्ये (बौद्धिक क्षमता चाचणीत): संख्यामालिका, आरशातील प्रतिमा, सांकेतिक भाषा, घड्याळ आणि दिनदर्शिका. हे शाळेत शिकवलेच जात नाही. एका प्रश्नाला एक मिनिट, त्यात ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे वर्तुळ काळे करण्याचा वेळही आला. 37 वा प्रश्न सोडून 38 चे उत्तर 37 समोर रंगवले की पुढची सगळी रांग सरकते, म्हणून दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहायची सवय लावावी. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही वर्तुळ कोरे ठेवू नये. पात्रतेला दोन्ही पेपर मिळून 40 टक्के, म्हणजे 180 पैकी 72 (अनुसूचित जाती-जमातींना 32 टक्के). पण 72 आले म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असे नाही. राज्याचा कोटा 11,682 आहे, तो जिल्ह्यांत आणि प्रवर्गांत वाटला जातो आणि निवड गुणवत्तेने होते. पात्र होऊन यादीबाहेर राहिलेल्या मराठा, कुणबी विद्यार्थ्यांना राज्य सरकारच्या सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 9,600 रुपये. तिची चौकशी शाळेत जरूर करावी.

खरी गळती निवड झाल्यानंतर सुरू होते. नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. अर्ज भरला तरी आधी शाळेची, मग जिल्ह्याची पडताळणी व्हावी लागते. शाळेने ती मुदतीत केली नाही तर त्या वर्षाचे 12,000 हातचे जातात. नावाचा घोळ तर नेहमीचा: वडिलांचे नाव दाखल्यात 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब'. हा घोळ आठवीतच दुरुस्त करून घ्यावा.

बँकेत 'आधार लिंक आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. केवायसीसाठी (ओळख पटवण्यासाठी) दिलेले आधार वेगळे आणि आधार सीडिंग, म्हणजे सरकारी अनुदान त्याच खात्यात यावे म्हणून आधार जोडणे, वेगळे. पैसे शेवटी ज्या बँकेत सीडिंग झाले तिथे जातात, मग अर्जात कोणतेही खाते लिहिलेले असो. घरच्यांनी मध्येच दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल तर आधी तिथले पासबुक भरून घ्यावे. बऱ्याचदा हरवलेले पैसे तिथेच सापडतात.

नववी आणि अकरावी पहिल्याच प्रयत्नात पास व्हावी लागते, दहावीत 60 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना 55). अकरावीला कॉलेज बदलते, तेव्हा ते कॉलेज पोर्टलवर नोंदलेले आहे का हे प्रवेश घेतानाच विचारावे.

सर्वांत मोठी उणीव मात्र नियमातच आहे. दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेले की शिष्यवृत्ती बंद. लवकर कमावते व्हायला हवे म्हणून गरीब घरातली मुले हाच रस्ता धरतात, आणि मदत नेमकी तिथेच तुटते. हा नियम बदलायलाच हवा. तोवर डिप्लोमाचा विचार असेल तर उरलेले 24,000 मिळणार नाहीत असे धरूनच फीची जुळवाजुळव करावी.