हीटिंग पॅड, बरगडीचा पट्टा आणि टेनिस बॉल: कॉस्टोकॉन्ड्रायटिससाठी बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, छातीत दुखतंय आणि अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल तर हे वाचत बसू नका, पहिले ईसीजी काढून या. माझा ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढतं ते) सगळं नॉर्मल आलं, मग डॉक्टरांनी छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेने बोटाने एकेक बरगडी दाबत आणली आणि चौथीवर मी अक्षरशः ओरडले, तेव्हा म्हणाले हेच ते, कॉस्टोकॉन्ड्रायटिस. बरगडी जिथे कूर्चेने मधल्या हाडाला जोडलेली असते ती जागा दुखावते, एवढंच. बाहेरून सूज नसते (सूज दिसली तर तो टिट्झे सिंड्रोम, तो वेगळा). घरात तोवर उसण भरलीय, गॅस आहे, नजर लागलीय सगळं बोलून झालं होतं.

जीवाला धोका नाही हे ऐकून बरं वाटतं पण दुखणं काही ऐकत नाही ना. बहुतेकांचं काही आठवड्यात, महिन्यात थांबतं म्हणे, माझं जातं आणि परत येतं. सर्दी-खोकला झाला की येतं, ॲडमिशनच्या सीझनला ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकून बसलं की येतं, भरलेली बादली एका हाताने उचलली की दुसऱ्या दिवशी हमखास. शिंक यायला लागली की मी आधी उशी शोधते, छातीशी घट्ट धरून शिंकलं की चमक कमी निघते, हे फुकटचं आहे आणि खरंच काम करतं.

आता वस्तूंबद्दल. हीटिंग पॅड ऑनलाइन मागवला, हजाराच्या आसपास पडला, तीन सेटिंग, आपोआप बंद होतो, कव्हर निघतं आणि धुता येतं. शेक चांगला लागतो, रबरी पिशवीसारखा आधी चटका आणि मग गार असा प्रकार नाही. मी मधल्या सेटिंगवर, कुर्त्यावरूनच, पंधरा-वीस मिनिटं घेते, सकाळी उठल्यावर छाती जी आखडलेली असते ती मोकळी होते आणि आंघोळीला हात वर जातात. पण हा पॅड बनवलाय पाठ-कंबरेसाठी, छातीवर बसून ठेवला तर घसरतो, बायकांना तर विचारूच नका, आडवंच व्हावं लागतं. वायर आखूड आहे, आमच्याकडे बेडजवळ प्लग नाही म्हणून एक्स्टेंशन बोर्ड घेतला तो खर्च वेगळा. कंट्रोलर पावसाळ्यात बिघडला, वॉरंटीत बदलून मिळाला पण विकणाऱ्याने इतके फोटो आणि व्हिडिओ मागितले की त्या मनस्तापानेच छातीत दुखेल. पॅड चालू ठेवून झोप लागू देऊ नका, रोज तासन्‌तास शेकलं तर त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. आणि डायक्लोफेनॅकचं (दुखणं कमी करणारं औषध) जेल लावलं असेल तर त्यावर पॅड अजिबात नाही, दोन्ही वेगवेगळ्या वेळी. जेल मला बरं पडतं, गोळ्यांनी ॲसिडिटी होते म्हणून गोळी फक्त डॉक्टरांनी सांगितलेली आणि तीही जेवणानंतर.

पट्टा मात्र पैसे वाया. शेजारच्या काकांनी आग्रहाने सांगितलं म्हणून बरगडीचा इलॅस्टिक पट्टा आणला, बांधला की आधार वाटतो हे खरं, पण श्वास अर्धाच घ्यावासा वाटतो, आणि फिजिओने बघितल्या बघितल्या काढायला लावला. म्हणाली पूर्ण श्वास घेतला नाही तर फुप्फुसात कफ साठतो आणि छाती अजून आखडते. शिवाय उकाड्यात त्याखाली घामोळं.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर दोन टेनिस बॉलने, हसू नका. जुन्या मोज्यात दोन्ही घालून गाठ मारायची, जमिनीवर चटईवर पाठीवर झोपायचं, बॉल मणक्याच्या दोन्ही बाजूला, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये येतील असे, मणक्यावर नाही, आणि हळूहळू श्वास सोडत अंग सैल सोडायचं. फिजिओचं म्हणणं असं की बरगड्या मागे मणक्यालाही जोडलेल्या असतात, तिथे आखडल्या की सगळा ताण पुढच्या सांध्यावर येतो. तुमच्या केसमध्ये हे असेलच असं नाही, त्यामुळे आधी फिजिओकडून एकदा करून घ्या. पहिल्या आठवड्यात मला उलट जास्त दुखलं, सोडूनच देणार होते, मग बॉलखाली जाड टॉवेल घालून बघितलं, तेव्हा जमलं. जोडीला दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून पुढे झुकायचा स्ट्रेच, तोही दुखणं ओसरल्यावरच, भर दुखण्यात नाही.

आता पॅड महिन्यातून काही वेळाच निघतो, बॉल मात्र रोज रात्री. नवीन कोणी घेत असेल तर पट्टा सोडून द्या, बॉल आधी, पॅड नंतर. पण डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असं काही झालं तर नेहमीचंच आहे म्हणून शेकत बसू नका, सरळ १०८ ला फोन.

डायबिटीस असून पायाला वगैरे बधिरपणा असेल त्यांनी पॅड वापरू नये, भाजलेलं कळत नाही. म्हणून सासूबाईंनी गुडघ्यासाठी मागितला तरी मी देत नाही, त्या म्हणतात ठेव तुझं मशीन तुझ्याकडे, आम्ही तेल चोळून बरे होतो.