तीन बुधवार आणि 2,95,000 रुपये

मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना काय खावे हे ठाऊक असते; बेत आदल्या रात्री ठरत नाही, मटकी भिजत घालायची राहते आणि मग सगळेच बिघडते, ही त्यांची खरी अडचण असते. म्हणून आठवड्याचा बेत आखून देणारे, त्यावरून वाणसामानाची यादी काढणारे आणि एकादशी, संकष्टी, श्रावण यांची दखल घेणारे मराठी ॲप करून घ्यायचे मी मे 2024 मध्ये ठरवले. ओळखीतून एक डेव्हलपर मिळाला. 2,50,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 2,95,000 रुपये, असा सौदा ठरला. चाळीस टक्के आगाऊ, चाळीस टक्के ॲप चालते आहे हे पाहिल्यावर आणि उरलेले वीस टक्के ते प्ले स्टोअरवर आल्यावर द्यायचे होते. दीड पानाच्या कागदावर सह्या झाल्या आणि मी माझ्या 140 पाककृती त्याच्या हवाली केल्या.

12 जुलैला त्याने माझ्या फोनवर ॲप घालून दिले. सोमवार ते रविवार असा पूर्ण आठवडा त्यात दिसत होता, चार माणसांऐवजी सहा माणसे केली की डाळ-तांदळाची मापे वाढत होती, आणि 17 जुलैला, आषाढी एकादशीच्या बुधवारी, साबुदाण्याची खिचडी मांडलेली होती. मी त्याच संध्याकाळी दुसरा हप्ता भरला. पुढच्या बुधवारी, 24 तारखेला, संकष्टी होती आणि ॲपमध्ये खिचडी होती. त्यापुढच्या बुधवारी, 31 तारखेला, आषाढ वद्य एकादशी होती आणि ॲपमध्ये पुन्हा खिचडी होती. पंचांग इतके अचूक बसवले म्हणून मी त्याचे मनापासून कौतुकही केले. एखादा पदार्थ बदलला तरी वाणसामानाची यादी बदलत नाही हे मला मधल्या काळात दिसले होते. त्यावर सर्व्हर पूर्ण सुरू झाला की ते आपोआप होईल, असे उत्तर त्याने दिले आणि मी ते मान्य केले. 1 ऑगस्टला शेवटचे 59,000 रुपयेही गेले.

5 ऑगस्टला श्रावण लागला, तोही सोमवारी. पहिल्या श्रावणी सोमवारी माझ्या ॲपने रात्रीच्या जेवणासाठी अंडाकरी सुचवली, आणि त्या आठवड्यातल्या बुधवारी, कोणताही उपवास नसताना, परत खिचडी. ॲपमध्ये पंचांग नव्हतेच. सात वारांच्या सात ठरलेल्या ओळी होत्या आणि त्या वर्षी तीन उपवास लागोपाठ बुधवारी आले, एवढाच तो चमत्कार होता. फोनची तारीख पाच आठवडे पुढे सरकवून पाहिली असती, तर हे पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत कळले असते.

माझ्या भाच्याने त्या डेव्हलपरने पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे जिच्यातून ॲप अँड्रॉइड फोनवर बसते ती, संगणकावर उघडली. ती मुळात एक झिप फाइलच असते. आत माझ्या वीस-एक पाककृती होत्या आणि त्यांच्याखाली औंस आणि कपांच्या मापातले टर्की, मीटलोफ असले इंग्रजी पदार्थ तसेच पडून होते. ‘‘मावशी, हा बाजारात मिळणारा तयार साचा आहे, वरची पाटी फक्त बदलली आहे,’’ असे तो म्हणाला. तयार साचा वापरणे हा गुन्हा नव्हे. नव्याने लिहिल्याचे पैसे घेऊन तो गळ्यात मारणे ही फसवणूक होती.

याहून मोठी गोष्ट मला जाब विचारताना कळली. प्ले स्टोअरवर ॲपच्या नावाखाली माझे नसून त्याचे नाव होते. ॲप तिथे चढवण्यासाठी उघडलेल्या नव्या वैयक्तिक खात्याला त्या वेळी 20 जणांकडून सलग 14 दिवस ॲपची चाचणी करून घ्यावी लागत असे. हा नियम खरा होता आणि तोच पुढे करून त्याने, वेळ वाचावा म्हणून, स्वतःच्या जुन्या खात्यावरून ॲप चढवले होते. आता दरवर्षी 30,000 रुपये दिले नाहीत तर ते काढून टाकीन, असे तो सांगू लागला. खाते उघडण्याचे शुल्क 25 डॉलर असते आणि तेही एकदाच. शिवाय ॲप दुसऱ्या खात्यावर हलवायचे तर मूळ खातेदारानेच तशी विनंती करावी लागते. सर्व्हरही त्याच्याच नावावर होता आणि त्यात चाचणीसाठी नोंदलेल्या माझ्याकडच्या अकरा स्त्रियांची वजने आणि साखरेचे आकडे होते. या गोष्टीची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते.

वकिलांनी आमचा कागद वाचला आणि सोर्स कोडचा, म्हणजे ॲप ज्या लिखित सूचनांवर चालते त्यांचा, हक्क कोणाचा हे त्यात कुठे आहे, असे विचारले. ते कुठेच नव्हते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असा हक्क दुसऱ्याकडे जायचा तर लेखी आणि सही केलेला दस्त लागतो. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन काम करून घेतले म्हणजे कोड आपला होत नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक मी तेव्हा प्रथमच सरकारी पोर्टलवर घालून पाहिला, तर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला. म्हणजे कराचे 45,000 रुपयेही त्याच्याच बचत खात्यात गेले होते.

पोलीस ठाण्यात, ज्याला आपण अजूनही चारशेवीस म्हणतो ते आता भारतीय न्याय संहितेचे कलम 318 झाल्याचे समजले. मात्र ॲप तुमच्या हातात आले आहे, तेव्हा वाद दिवाणी आहे, असे सांगून त्यांनी अर्ज ठेवून घेतला. खोट्या जीएसटी क्रमांकाचे कागद जोडल्यावर चौकशीची नोंद झाली. वकिलांच्या सल्ल्याने मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. उपजीविकेसाठी स्वतः काम करणाऱ्याला कायदा ग्राहक मानतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तारखा चालू आहेत.

ॲप मी नव्याने करून घेत आहे. खाते माझ्या नावावर, माझ्याच कार्डाने 25 डॉलर भरून उघडले आहे आणि दर शुक्रवारी त्या आठवड्याचा कोड माझ्या ताब्यातल्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवण्याच्या ऑनलाइन जागेत, आल्याशिवाय पैसे जात नाहीत. संकष्टी चंद्रोदयावरून ठरते, त्यामुळे ते गणित अजून जमलेले नाही. तोवर आता ॲप करणाऱ्या नव्या डेव्हलपर मुलीने त्या दिवसाचा रकाना रिकामा ठेवला आहे, आणि मी तो भरायला सांगितलेला नाही.